उसनी काटकसर

काटकसर हा आपल्या संसाराचा पहिला सद्गुण मानला गेला आहे. मुलगी 'संसारी' आहे ना, असे लग्न ठरवताना विचारतात, तेव्हा त्या विचारण्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो, की ती पै-पैशाचा हिशेब ठेवील ना? अलीकडे या जुन्या सद्गुणाच्या शेजारी एक नवा सद्गुण येऊन बसला आहे. पाणी जपावे, झाडे राखावीत, पृथ्वीवर जे आहे ते पुढच्यांसाठी ठेवावे, असे आता पाठ्यपुस्तकापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळेच सांगतात. आणि सांगताना एक गोड आश्वासनही देतात, की हे दोन सद्गुण म्हणजे सख्ख्या बहिणी आहेत. दिवा मालवला की वीज वाचते आणि बिलही उतरते. जुन्या लुगड्याची पिशवी शिवली की प्लॅस्टिक टळते आणि पैसाही टळतो. मीही वर्गात हेच शिकवते, आणि ते खोटे नाही. परंतु आमच्या बोदलकशासारख्या गावात राहून पाहिले म्हणजे या बहिणींचे नेहमीच पटते असे नाही, हेही ध्यानात येते. कधी कधी एकीची चूल पेटावी म्हणून दुसरीच्या घरचे लाकूड न्यावे लागते.

हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. बोदलकसा हे गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातले गाव. मातीचा बांध घालून १९१७ साली येथे तलाव बांधला गेला. भोवती टेकड्या आणि रान. पलीकडे नागझिरा, जे १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगावसह व्याघ्र प्रकल्पात गेले. हिवाळ्यात तलावावर पाहुणे पक्षी येतात, आणि पक्ष्यांमागून शहरातले पाहुणे. बांधावर उभे राहून ते म्हणतात, तुम्ही लोक भाग्यवान, निसर्गाच्या मांडीवर राहता. असेलही. पण मांडीवर बसलेल्याला संध्याकाळी भात शिजवावाच लागतो, आणि तो कशावर शिजवायचा, येथे आमचा प्रश्न सुरू होतो.

गरीब घरातल्या बाईला अनामत न भरता गॅसची जोडणी देणारी उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. आमच्याकडच्या घरांतही लाल सिलिंडर आले. चौदा किलो दोनशे ग्रॅमचे ते भांडे दाराशी आले तेव्हा बायकांनी त्याला हळदकुंकू लावले. पुढे ते रिकामे झाले, आणि भरून आणायची वेळ आली तेव्हा हिशेब निघाला. या ग्राहकांना मे २०२२ पासून दोनशे आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे रुपयांचे अनुदान मिळू लागले, हे खरे. परंतु ते मागाहून बँकेत जमा होते. दाराशी गाडी उभी असते तेव्हा पूर्ण रक्कम हातावर ठेवावी लागते. ज्या घरात पैसा रोवणीला एकदा, मोहफुलाला एकदा आणि तेंदूपत्त्याला एकदा असा ठिपक्याठिपक्याने येतो, तेथे आठशे-नऊशे रुपये एका दिवशी सापडणे ही साधी गोष्ट नाही. मी एकदा शेजारच्या मावशींना विचारले, की घरात शेगडी असून चूल का पेटवता? त्या म्हणाल्या, "बाई, सिलिंडरले रोख लागते जी. सरपणाले पाय लागतात. पाय त घरचेच आहेत."

या उत्तरात अर्थशास्त्राचे एक आख्खे प्रकरण आहे. घरचे पाय वहीत मांडले जात नाहीत. सातवीच्या वर्गात जमाखर्च शिकवताना मी मुलांना आपापल्या घरचा महिन्याचा खर्च लिहून आणायला सांगितले होते. तेल, मीठ, साबण, मोबाइलचे रिचार्ज, आजोबांच्या गोळ्या, सगळे आले. सरपण एकाच्याही वहीत नव्हते. विचारले तर म्हणाली, "ते त फुकट येते, बाई." मग मी आणखी एक रकाना आखायला लावला: हे कोणी दिले? सरपणापुढे एका मुलीने प्रथम 'आई' असे लिहिले; थोड्या वेळाने त्याखाली 'जंगल' असेही लिहिले. बाकीच्यांनी तिचे पाहून लिहिले. वर्गात सगळे असेच चालते.

त्या मुलीने लिहिलेल्या दोन शब्दांचा हिशेब आपण करून पाहू. मोळीला पैसा पडत नाही. पण पहाटे निघालेली बाई ऊन चढल्यावर परतते, तेवढा वेळ तिचा गेला. डोक्यावरच्या ओझ्याने मान गेली. चुलीच्या धुराने छाती भरली. हा धूर फुप्फुसांना घातक असतो हे आता वैद्यकाने निःसंशय ठरवले आहे. शिवाय रानात वाघ आहे. पूर्व विदर्भात सरपणाला, मोहाला, तेंदूला गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. इतके सगळे देऊन जी वस्तू घरात आली, तिला आपण फुकट म्हणतो, आणि जी पैसे देऊन आली तिलाच महाग म्हणतो.

आपल्याकडे एक शब्द फार चांगला आहे: उसने. वाटीभर साखर उसनी आणली तर ती परत करायची असते, आणि परत करताना वाटी थोडी शिगेला भरायची असते, असा बायकांचा न लिहिलेला कायदा आहे. मला असे वाटते, की काटकसरीचेही दोन प्रकार करावेत. एक स्वतःची: मी एक भाजी कमी केली, जुने पातळ दांडून घेतले, गरज नसता दिवा लावला नाही. येथे सोसणारी मीच आणि वाचवणारीही मीच. दुसरी उसनी: पैसा माझा वाचला, परंतु सोसले दुसऱ्याने. त्या दुसऱ्याचे नाव बायको असेल, रान असेल, खालच्या गावातला शेतकरी असेल, किंवा अजून जन्माला न आलेला नातू असेल. उसनी काटकसर पापच असते असे मी म्हणत नाही. उसनवारीवाचून कोणाचा संसार झाला आहे? मात्र उसने आणले आहे हे विसरून तिला सद्गुण म्हणून मिरवू लागलो, म्हणजे परत करण्याची बुद्धी जाते.

मोहाचे उदाहरण घ्या. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. खाली वाळलेला पाला पसरलेला असतो. त्यातून फुले वेचणे जिकिरीचे. म्हणून पुष्कळ जण झाडाखालचा पाला आदल्या दिवशी जाळून जमीन स्वच्छ करतात. झाडणीची मेहनत वाचली. पण वारा सुटला की ती आग त्या झाडापुरती राहत नाही. आणि नाही पसरली, तरी झाडाखाली उगवलेली मोहाची बारकी रोपे त्या आगीत जातातच. त्यातले एखादे जगते, तर दहा-पंधरा वर्षांनी फुलू लागते. म्हणजे आजोबांनी आपल्या सकाळच्या अर्ध्या तासासाठी नातवाचे झाड जाळले. आजोबा दुष्ट नव्हेत. त्यांच्या आजोबांनी हेच केले होते, तेव्हा रान मोठे होते आणि माणसे थोडी होती, म्हणून हिशेब कोणाला भरावा लागला नाही. झाडाखाली जाळी अंथरली तर जाळण्याची गरज उरत नाही. काही ठिकाणी तसे करतातही. पण जाळीला रोख लागते, आणि काडीपेटी घरात असतेच. पुन्हा तोच रोखीचा प्रश्न.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो यायलाच हवा. बाई पगारदार आहेत, त्यांना हे बोलणे सोपे आहे. हे अगदी खरे. म्हणूनच गरिबाच्या साधेपणाची शहरातले लोक जी स्तुती करतात, ती मला कधी रुचली नाही. ज्याच्याजवळ मोटार नाही त्याने धूर केला नाही, यात त्याचा कसला मोठेपणा? संधी नसणे म्हणजे संयम नव्हे. उलट, गरिबाला पुष्कळदा महाग आणि घाणेरडे तेच घ्यावे लागते. ज्याच्या खिशात दोनशे रुपये आहेत तो शाम्पूची बाटली घेतो. ज्याच्या खिशात दोन आहेत तो पुडी घेतो. मंडईच्या दिवसांनंतर गावातल्या नालीत ज्या चकचकीत पुड्या वाहत येतात, त्या उधळ्यांनी फेकलेल्या नसतात. काटकसर करणाऱ्यांनी फेकलेल्या असतात. छपरावर सूर्याची वीज घेणाऱ्याला फेब्रुवारी २०२४ पासून सरकार अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत साहाय्य देते. पण त्यासाठी आधी छप्पर पक्के हवे आणि वरची रक्कम गाठीला हवी. ज्याच्याजवळ आहे त्यालाच वाचवता येते. निसर्ग राखण्याचे पुण्यही असे पैसेवाल्यांच्याच पदरात पडू लागले, तर ते पुण्य मला संशयास्पद वाटते.

मग काय करावे? या ठिकाणी मला वर्ध्याच्या जे. सी. कुमारप्पांची आठवण होते. १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला आणि कुमारप्पांनी मगनवाडीत बसून त्याचे काम चालवले. त्यांचे 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक १९४५ साली निघाले. त्यात ते धनाचे दोन प्रकार मानतात: एक साठ्याचे, जसे कोळसा आणि खनिज तेल, जे काढले की संपते, दुसरे वाहते, जसे रानातले लाकूड, जे वाढीइतकेच घेतले तर पिढ्यान्‌पिढ्या पुरते. तलावाकाठी राहणाऱ्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. परंतु हा विचार चुलीला लावला, तर आपली मोठी पंचाईत होते. कारण मग मावशींची मोळी हे वाहते धन ठरते आणि माझा सिलिंडर साठ्याचे! त्यातला गॅस निम्म्याहून अधिक परदेशातून जहाजाने येतो, आणि तो जमिनीखाली पुन्हा तयार होत नाही. कोणाची काटकसर उसनी, हे आता मी कोणत्या तोंडाने सांगू?

या पेचावर मी पुष्कळ विचार केला आहे. कुमारप्पांचा नियम खरा. पण त्यातली 'वाढीइतकेच' ही अट आमच्या रानाच्या कडेला आता फार थोड्या ठिकाणी पाळली जाते. वाळलेले सरपण जवळ मिळेनासे झाले की हात ओल्या फांदीकडे जातो. आणि समजा, रान पुरेसे आहे असे धरले, तरी धुराचे काय? लाकूड परत करता येते. झाड लावा, वाट पहा, ते येते. छाती परत करता येत नाही. पृथ्वीच्या पोटातला गॅसही परत करता येत नाही हे मला मान्य आहे, पण दोन न फिटणाऱ्या कर्जांतून एक निवडायचे झाले, तर ज्याचा बोजा एकट्या बाईच्या फुप्फुसांवर पडतो ते मी आधी फेडीन. उद्या आणखी काही चांगले निघेल तेव्हा सिलिंडरही सोडू. आज मात्र चुलीची महती गाणाऱ्यांनी आठ दिवस फुंकणी हातात धरावी आणि मग गावी.

आता खर्च कोणी करायचा हा प्रश्न. एकट्या घराच्या वहीत तो सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे सारसाचे उदाहरण बोलके आहे. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या भागात उरले आहेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच, पाण्यात, धानाची ताटे आणि गवत उपसून घरटे रचतात. घरट्याखालचे आणि सभोवारचे धान गेलेच. शेतकऱ्याने ते मोडले नाही, तर त्याचे पायलीभर धान कमी होते, आणि आपण सगळे म्हणतो, की वा, आमच्या जिल्ह्याची शोभा राहिली. पक्षी सर्वांचा, आणि तूट एकट्याची! असे कितीतरी शेतकरी ही तूट मुकाट्याने सोसतात, पाहुण्याला ताट वाढावे तशी. त्यांचा मोठेपणा खराच; पण त्यांच्या मोठेपणावर जिल्ह्याने फुकट जगावे हे बरे नव्हे. तीही उसनवारीच झाली, आणि या वेळी उसने घेणारे आपण असतो.

पूर्वी सामाईक गोष्टींचा हिशेब सामाईक ठेवण्याची एक रीत या भागात होती. आमचा तलाव सरकारी. परंतु भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडचे हजारो तलाव कोहळी लोकांच्या कसबातून आणि मालगुजारांच्या व्यवस्थेतून उभे राहिले. पाळीची दुरुस्ती, गाळ, पाट, पाण्याची पाळी, यांत कोणी किती राबायचे हे ठरलेले असे. ती व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. मालगुजार म्हणजे काही देव नव्हता, आणि राबणाऱ्यात बहुधा तेच लोक असत जे नेहमीच राबतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. अन्याय गेला हे उत्तम झाले, पण त्याबरोबर 'हे आपल्यालाच राखायचे आहे' ही वहीही कोणीतरी माळ्यावर टाकून दिली. गाळ साचला. बेशरमाच्या झुडपांनी काठ खाल्ले. प्रत्येकाने पाणी घेतले आणि प्रत्येकाची काटकसर झाली. तलाव तेवढा उथळ होत गेला. आता अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजाच्या मंडळींनी, त्यात बायकाही पुष्कळ, बेशरम उपटून तलावात स्थानिक पाणवनस्पती लावण्याचे आणि गावरान मासे जपण्याचे काम केले आहे. मासे वाढले तर त्यांच्याच जाळ्यात येणार. येथे सोसणारा आणि मिळवणारा एकच झाला, म्हणून ते काम उपदेशावाचून चालते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचेही तेच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्या गावाला आपल्या रानाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली ते स्वतःचा बांबू स्वतः विकू लागले. रान आपले झाले, म्हणजे ते तोडण्याचा खर्चही आपल्याच वहीत आला. ज्या रानावर आपला हक्क नाही, तेथून आणलेली मोळी नेहमी फुकटच वाटणार.

व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांना सवलतीत गॅस देण्याची राज्याची योजना २०१५ पासून आहे, आणि तिचे तत्त्व मला योग्य वाटते. चोरखमाऱ्याच्या फाटकातून जिप्सीत बसून जे वाघ पाहायला आत जातात, त्यांनी त्या वाघाच्या शेजाऱ्यांच्या सिलिंडरातला वाटा उचलावा. तो उपकार नव्हे. त्यांनी पाहिलेल्या रानाचे ते भाडे आहे. पण सवलत संपली की चूल पुन्हा पेटते, हेही खरे. त्याचे कारण घरातच आहे. सिलिंडर हा बायकांचा खर्च समजला जातो, आणि मोटारसायकलचे पेट्रोल घरचा. पेट्रोलला कधी कोणी म्हणत नाही, की पाय त घरचेच आहेत.

शेजारच्या मावशींनी अलीकडे एक मधला मार्ग काढला आहे. सकाळचा चहा, नातीचा शाळेचा डबा आणि पाहुण्यारावळ्याचे जेवण गॅसवर. आंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर, तेही धानाच्या तणसावर आणि वाळल्या काटक्यांवर, म्हणजे निदान धूर घरात कोंडत नाही. असे केल्याने एक सिलिंडर त्यांना तीन महिने पुरतो. या वर्षी मोहाचे पैसे आले त्याच दिवशी त्यांनी दोन सिलिंडरांची रक्कम बाजूला काढून तांदळाच्या डब्यात ठेवली, आणि तिला मंडईच्या खर्चासाठी हात लावायचा नाही, असे घरधन्याकडून चार माणसांत कबूल करून घेतले. मंडई भाऊबीजेनंतर भरते, दंडारही आहे. डबा अजून तरी भरलेला आहे.